व्हिक्टोरिया सरोवर: १५ हजार वर्षांत माशांच्या ५०० जाती, आणि त्यातला उजेडाचा वाटा

पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात, जिथे पाणी सगळ्यात खोल आहे तिथे, तळात पोकळ नळी ठोकून गाळाचा उभा नमुना काढला, की वरचे काही मीटर मऊ आणि पाणथळ चिखल लागतो. मग पोत एकदम बदलतो. खाली घट्ट, कोरडी पडून तडकलेली माती येते आणि तिच्यात गवताच्या बारीक मुळ्या दिसतात. मुळ्या उभ्या असतात, याला महत्त्व आहे. वाहून आलेलं गवत आडवं पसरतं; उभी मुळी म्हणजे ते गवत तिथेच रुजलेलं होतं. ध्वनिलहरींनी तळाचा छेद घेतला की हाच घट्ट थर सरोवराच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग दिसतो. कुठेही डबकं शिल्लक राहिल्याची खूण नाही. हिमयुगाच्या शेवटच्या टप्प्यात आज ६८ हजार चौरस किलोमीटरपेक्षा जास्त पसरलेलं हे सरोवर गवताळ माळ होतं. पाणी परत यायला लागलं ते सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी.

आज याच पाण्यात सिक्लिड कुळातल्या, हॅप्लोक्रोमाइन गटातल्या माशांच्या सुमारे ५०० जाती आहेत, किंवा अगदी अलीकडेपर्यंत होत्या. टांझानियाच्या बाजूचे कोळी या सगळ्यांना मिळून ‘फुरू’ म्हणतात. बहुतेक जाती दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. अनेक प्राणिगटांत एका जातीच्या दोन व्हायला लाखो वर्षं जातात, तेव्हा इथला हिशेब बसतो कसा, हा या प्रकरणाचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे: गेल्या शंभरेक वर्षांत यातल्या शेकडो जाती दिसेनाशा झाल्या, त्या सगळ्या एकाच कारणाने गेल्या का?

आधी खोरं कसं झालं ते पाहू. पूर्व आफ्रिकेत जमीन दोन फाट्यांनी फाटते आहे. टांगानिका आणि मलावी ही सरोवरं पश्चिमेच्या फाट्यात, म्हणजे प्रत्यक्ष भेगेत आहेत. म्हणून अरुंद, लांब आणि भयंकर खोल. टांगानिकाची खोली सुमारे १,४७० मीटर. व्हिक्टोरिया मात्र दोन फाट्यांच्या मधल्या पठारावर पडलेलं उथळ ताट आहे, सगळ्यात खोल जागी जेमतेम ८० मीटर. पूर्वी इथल्या कागेरा, काटोंगा आणि काफू या नद्या पश्चिमेला वाहायच्या. सुमारे चार लाख वर्षांपूर्वी पश्चिमेची कड वर उचलली गेली, नद्यांची वाट अडली, आणि पाणी मागे फिरून पठारावर तुंबलं. काटोंगाच्या जुन्या पात्रात आजही पपायरसची दलदल आहे आणि तिच्यात पाणलोट विभागणारी रेषा डोळ्याला कळतही नाही: तीच दरी, पण थोडं पाणी पूर्वेला जातं, थोडं पश्चिमेला.

या उथळपणाची किंमत मोठी आहे. सरोवरात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी थेट सरोवराच्या पृष्ठभागावर पडणाऱ्या पावसाचं असतं, आणि जवळपास तेवढंच बाष्प होऊन उडून जातं. नद्यांचा वाटा त्यामानाने किरकोळ. म्हणजे पाऊस काही शतकं कमी पडला आणि ऊन तसंच राहिलं, की ताट रिकामं. टांगानिकाची पातळी शेकडो मीटर खाली गेली तरी तिथे खोल पाणी उरतं. व्हिक्टोरियात उरत नाही. भूगर्भाने इथे दोन गोष्टी केल्या. सरोवर दिलं, आणि ते पुन्हा पुन्हा पुसून टाकण्याची सोयही दिली. दुसरी गोष्ट बहुतेक लिखाणात राहूनच जाते.

मग ५०० जाती आल्या कुठून? बराच काळ इथे भूगर्भवाले आणि जनुकवाले एकमेकांशी जुळत नव्हते. जनुकांमधले फरक मोजून वय काढलं तर ते लाख वर्षांच्या घरात जायचं. गाळ सांगायचा १५ हजार. गाळ चुकला असेल, एखाद्या कोपऱ्यात पाणी टिकलं असेल, असा तर्क मग केला जायचा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने गाठ सोडवली. व्हिक्टोरियाच्या परिसरातल्या सिक्लिडांचे पूर्वज दोन वेगळ्या वंशांच्या संकरातून आले: एक वरच्या नाईलच्या खोऱ्यातला, दुसरा काँगोच्या खोऱ्यातला. हा संकर सुमारे दीड लाख वर्षांपूर्वीचा. दोन्ही वंश त्याआधी लाखो वर्षं वेगळे राहिले होते, त्यामुळे त्यांच्यातले जनुकीय फरक तेवढे जुने. संकरित पिल्लावळीत ते फरक एकत्र आले, आसपासच्या नद्या आणि दलदलींत टिकून राहिले, आणि सरोवर भरल्यावर नव्या नव्या जुळण्यांत वाटले गेले. जाती तरुण, पण त्यांच्या अंगातला माल जुना. नवं उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात नवा बदल, घडायची वाट पाहावी लागली नाही, म्हणून वेळ कमी लागला.

या संकरात आलेल्या मालापैकी एक जनुक या प्रकरणात पुन्हा येणार आहे: डोळ्यातल्या लाल-पिवळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या रंगद्रव्याचं. त्याची एक आवृत्ती थोड्या कमी तरंगलांबीला जास्त संवेदनशील, दुसरी थोड्या जास्त. फरक १०–१५ नॅनोमीटरचा. कागदावर क्षुल्लक.

आता तुलना. ‘विषुववृत्ताजवळ ऊन जास्त, म्हणून जाती जास्त’ हे शाळेपासून ऐकलेलं वाक्य इथे लावून पाहिलं की लगेच अडचण येते. अल्बर्ट आणि तुर्काना ही सरोवरं याच पट्ट्यात आहेत, मोठी आहेत, ऊनही तसंच. तिथे हॅप्लोक्रोमाइन मोजक्याच. टांगानिका जवळपास कोटभर वर्षांचं, तिथे सिक्लिडांच्या सुमारे २४० जाती. मलावी त्याहून तरुण, तिथे त्याच्या दुप्पट ते तिप्पट. वय वाढलं की जाती वाढतात, असा सरळ पाढा नाही. आणि खुद्द व्हिक्टोरियातले इतर मासे? मार्जारमीन, फुफ्फुसमीन, इथल्या दोन मूळच्या तिलापिया, यांनाही हेच ऊन आणि हीच रिकामी जागा मिळाली. तिलापियाही सिक्लिडच, पण दोनच्या दोनच राहिल्या. अलीकडे गाळातले माशांचे दात मोजून केलेल्या कामातून दिसतं, की पाणी भरू लागलं तेव्हा हॅप्लोक्रोमाइन इतर गटांबरोबरच आले. लवकर येऊन जागा अडवली, हे स्पष्टीकरण त्यामुळे गळून पडतं.

२०१२ मध्ये आफ्रिकेतली ४६ सरोवरं एकत्र तपासली गेली: कुठे सिक्लिडांच्या जाती फुटल्या, कुठे नाही, आणि त्याचा कशाशी संबंध लागतो. संबंध लागला तो सरोवराच्या खोलीशी, तिथे पडणाऱ्या सूर्यऊर्जेशी, मिळालेल्या काळाशी, आणि नर-मादीच्या रंगात फरक असण्याशी. क्षेत्रफळाशी मात्र संबंध क्षीण किंवा चक्क उलटा निघाला. जमिनीवरच्या बेटांचा अभ्यास केलेल्यांना हे पचायला जड जातं, कारण तिथे क्षेत्रफळ हाच पहिला आकडा असतो. पाण्यात तसं का नाही, हे व्हिक्टोरियाच्या काठावर एका जागी थांबलं की कळतं. जाती पसरटपणावर नाही, उतारावर घडतात.

उदाहरणादाखल टांझानियाच्या हद्दीतली म्वान्झा खाडी घेऊ. तिच्या तोंडाशी मकोबे नावाचं खडकाळ बेट आहे. काठाचे मोठाले दगड तसेच पाण्याखाली उतरत जातात. वरच्या दोनेक मीटरांत पुंडामिलिया पुंडामिलिया हा मासा राहतो, त्याचा नर निळसर-राखाडी. ‘पुंडा मिलिया’ म्हणजे स्वाहिलीत झेब्रा. अंगावरच्या उभ्या पट्ट्यांवरून हे नाव. त्याच दगडांवर थोडं खाली पुंडामिलिया न्येरेरेई, याचा नर पाठीवर लालभडक, कुशीला पिवळा. नाव टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्यावरून. दोघांच्या माद्या मळकट पिवळ्या, ओळखायला अवघड. दोघांचा प्रयोगशाळेत संकर केला तर पिल्लं धडधाकट आणि प्रजननक्षम निघतात. म्हणजे शरीर त्यांना वेगळं ठेवत नाही. मादीची निवड ठेवते.

निवड रंगावर, आणि रंग प्रकाशावर. व्हिक्टोरियाचं पाणी निळा प्रकाश लवकर गिळतं, कारण त्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ आणि तरंगते कण भरपूर. स्वच्छ समुद्रात खाली गेलं की सगळं निळं होतं. इथे खाली गेलं की पिवळं, मग नारिंगी-तांबूस. त्या उजेडात निळा नर राखाडी दिसतो आणि लाल नर पेटतो. उथळ पाण्यातल्या निळ्या माशांच्या डोळ्यात रंगद्रव्याची कमी तरंगलांबीची आवृत्ती जास्त आढळते, खालच्या लाल माशांत दुसरी. खोलीनुसार डोळा बदलतो, डोळ्यानुसार मादीची पसंती, आणि पसंतीनुसार नराचा रंग. २००८ मध्ये हे सगळे धागे एकत्र मांडले गेले. नंतर प्रयोगशाळेत उथळ आणि खोल पाण्यासारखा प्रकाश तयार करून मासे वाढवले, तेव्हा निळे उथळ प्रकाशात जास्त जगले आणि लाल खोल प्रकाशात. म्हणजे डोळ्याचा प्रश्न जोडीदारापुरता नाही, जगण्याचाही आहे.

इथे आकड्यांत शिरावं लागेल. पाण्याचा पारदर्शकपणा सेची तबकडीने मोजतात: २० सेंटीमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी, खाली वजन, वर मीटरच्या खुणा केलेली दोरी. दुपारच्या आसपास, होडीच्या सावलीच्या बाजूने सोडायची. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी घ्यायची. प्रकाश घटण्याचा गुणांक साधारण १.७ भागिले सेची-खोली इतका येतो, आणि पृष्ठभागावरच्या प्रकाशाचा १ टक्का उरतो ती खोली ४.६ भागिले तो गुणांक. मकोबेला सेची-खोली सुमारे सव्वादोन मीटर: गुणांक ०.७६, एक टक्क्याची खोली सुमारे ६ मीटर. खाडीच्या आतल्या टोकाला लुआन्सो बेट आहे, तिथे सेची सुमारे अर्धा मीटर: गुणांक ३.४, एक टक्क्याची खोली जेमतेम १.३५ मीटर.

लुआन्सोलाही उथळ आणि खोल असे दोन प्रकाश आहेतच. मग तिथे दोन जाती का नाहीत? कारण ते दोन प्रकाश एकमेकांना चिकटून आहेत. हाताच्या अंतरावर निळ्याचा प्रदेश संपतो आणि लालचा सुरू होतो. मासा चरता चरता दोन्हीकडे जाऊन येतो, नरांचे अड्डे शेजारी-शेजारी लागतात, आणि निवडीने केलेलं वेगळेपण संकर रोजच्या रोज पुसतो. मकोबेला तोच बदल कित्येक मीटरांवर पसरलेला आहे. वरचा मासा वरच राहतो, खालचा खालीच. प्रकाशाची नुसती विविधता पुरत नाही, तिला अंगण लागतं. लुआन्सोच्या दगडांवर निळसरपासून तांबूसपर्यंत सगळ्या छटांचे नर एकाच समूहात सापडतात. मकोबे आणि लुआन्सो यांच्यामधल्या बेटांवर मधल्या पायऱ्या दिसतात. एकाच खाडीत सगळी मालिका मांडून ठेवलेली असणं, हे संशोधकांचं नशीबच म्हणायचं.

भूगोलाचा वाटा इथे दोन मापांवर चालतो. लहान माप म्हणजे हेच दगड: खडकावर राहणारे हे मासे वाळूचा पट्टा सहसा ओलांडत नाहीत. शिवाय मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते; अंडी प्रवाहाबरोबर वाहून जायचा प्रश्नच नाही. म्हणून काही किलोमीटरांवरची दोन खडकाळ बेटं त्यांच्यासाठी दोन वेगळे मुलूख. मोठं माप पश्चिम काठाला दिसतं. तिथे लाटांनी रचलेल्या वाळूच्या बांधामागे नाबुगाबो नावाचं छोटं सरोवर काही हजार वर्षांपूर्वी तुटून वेगळं पडलं आणि त्यात स्वतःच्या काही वेगळ्या हॅप्लोक्रोमाइन जाती आहेत. मात्र केवळ अडसरांवर ५०० जातींचा हिशेब लावायला गेलं तर तो लागत नाही. एकाच दगडावर वर-खाली राहणाऱ्या जोडीला कुठला अडसर?

आणि आहाराची बाजू विसरून चालणार नाही, जरी रंग जास्त लक्ष वेधत असले तरी. सिक्लिडांच्या घशात जबड्यांचा दुसरा संच असतो. पुढचे जबडे पकडतात, मागचे चिरडतात. पकडण्याचं आणि दळण्याचं काम वेगळं झालं की दोन्ही स्वतंत्रपणे बदलू शकतात. दगडावरचं शेवाळ खरवडणारे, गोगलगायी फोडणारे, चिखल चाळणारे, प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव टिपणारे, आणि दुसऱ्या माद्यांच्या तोंडातली पिल्लं हिसकावून खाणारेसुद्धा इथे आहेत. अशा अतिविशेष धंद्यांवर एखादी जात टिकायची तर त्या धंद्यापुरतं का होईना, अन्न वर्षभर हवं. विषुववृत्तावर दिवस बाराही महिने जवळपास बारा तासांचा. शेवाळाची वाढ कधी पूर्ण थांबत नाही. ऊर्जा म्हणून ऊन काम करतं ते इथे. म्हणून ऊन दोनदा मोजावं लागतं: किती पडतं, आणि पाण्यातून गाळून कोणत्या रंगाचं उरतं.

असं काम करताना चुका कुठे होतात तेही सांगायला हवं, कारण त्यांतल्या काहींनी जातींची यादीच चुकवली आहे. फॉर्मलिन किंवा अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या माशाचा रंग काही दिवसांत उडतो. निळा आणि लाल, दोन्ही बरणीत तपकिरी. जुन्या संग्रहांवरून जाती मोजल्या तर जवळच्या जोड्या एकच वाटतात. म्हणून नर पकडल्यावर काही मिनिटांत, घाबरून रंग फिका पडायच्या आत, अरुंद काचेच्या टाकीत बाजूने प्रकाश टाकून फोटो घ्यायचा. पराचा, म्हणजे माशाच्या पंखाचा, तुकडा अल्कोहोलमध्ये जनुकांसाठी. आणि प्रत्येक माशामागे खोलीची नोंद. जाळं काठाला समांतर, एकाच खोलीवर लावायचं. काठाला काटकोनात लावलं तर उथळ आणि खोल मासे एकाच जाळ्यात येतात आणि सगळा अभ्यासच वाया. खोलातून झटकन वर ओढला तर माशाच्या वाताशयातली हवा फुगते, पोट वर करून तरंगतो, सावकाश आणायचा. आणि सेचीचं एकच वाचन कधी विश्वासाचं नाही. पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो, वाऱ्याच्या महिन्यांत पाणी ढवळतं, शेवाळ फुललं की आठवड्यात आकडा अर्ध्यावर येतो.

आता ऱ्हास. सगळ्यांना ठाऊक असलेला भाग म्हणजे नाईल पर्च. दोन मीटरपर्यंत वाढणारा हा शिकारी मासा १९५० आणि १९६० च्या दशकांत मासेमारी वाढावी म्हणून सरोवरात सोडला. आधी वीसेक वर्षं फारसं काही झालं नाही. १९८० च्या दशकात त्याची संख्या भडकली. त्याआधी तळालगतच्या माशांच्या वजनात हॅप्लोक्रोमाइनांचा वाटा ८० टक्क्यांच्या वर होता. काही वर्षांत ते जाळ्यात येईनासे झाले. सुमारे २०० जाती गेल्याचा अंदाज तेव्हाचा आहे.

पण पर्च मुख्यतः मोकळ्या आणि गढूळ तळाच्या पाण्यात शिकार करतो. खडकाळ काठांच्या फटींत फुरूंना लपायला जागा असते. तरीही तिथल्या जाती कमी होत गेल्या, त्या दुसऱ्याच वाटेने. खोऱ्यात जंगलं तुटली, शेती आणि शहरं वाढली, सांडपाणी आणि मातीबरोबर फॉस्फरस आला. शेवाळ वाढलं, त्यातही निळं-हिरवं. १९३० च्या सुमारास मोकळ्या पाण्यात सेची-खोली पाचेक मीटरच्या आसपास होती. १९९० च्या दशकात ती बऱ्याच ठिकाणी एक-दोन मीटरवर आली. वरचाच हिशेब लावा: एक टक्का प्रकाशाची खोली १३ मीटरांवरून ३ ते ५ मीटरांवर. मकोबेसारख्या जागा लुआन्सोसारख्या व्हायला लागल्या.

१९९७ मध्ये हे सप्रमाण दाखवलं गेलं: जिथे पाणी गढूळ, तिथे रंग फिके आणि एका दगडावर एकत्र राहणाऱ्या जाती कमी. प्रयोगशाळेतली चाचणी याहून बोलकी. पांढऱ्या प्रकाशात मादी आपल्याच जातीच्या नराला प्रतिसाद देते. तीच मादी, तेच नर, पण वर एकरंगी नारिंगी दिवा लावला की निळ्या-लालमधला फरक पुसतो आणि ती दोघांनाही सारखाच प्रतिसाद देते. कुणी कुणाला खाल्लेलं नसतं, एकही मासा मेलेला नसतो. काही पिढ्यांनी दोन जातींच्या जागी एक उरते.

म्हणूनच ‘नामशेष’ हा एकच शब्द दोन्हींना लावणं चूक आहे. १९९० च्या दशकात पर्चची मासेमारी वाढल्यावर मोकळ्या पाण्यातले काही चिखल चाळणारे आणि प्लवक खाणारे फुरू परत वाढले. ते अगदी पूर्वीसारखे नव्हते. कमी प्राणवायूच्या पाण्यात तग धरायला एकाच्या कल्ल्यांचा पृष्ठभाग वाढलेला आढळला, आहारही बदललेला. पण जात म्हणून ती परतली. मिसळून गेलेल्या जातीचं तसं नाही. तिची जनुकं बहुधा त्या संकरित समूहात अजून आहेत, लाल-निळ्या डोळ्यांच्या दोन्ही आवृत्त्यांसकट. पाणी पुन्हा निवळलं तर त्यांतून दोन रंग पुन्हा वेगळे होऊ शकतात. खाडीतल्या मधल्या बेटांवर मिसळणीनंतर निळी-लाल जोडी पुन्हा घडल्याचे जनुकीय पुरावे आहेत. पण ते पूर्वीचेच मासे नसतील. आणि पाणी निवळायचं तर वरून येणारा फॉस्फरस थांबवून भागत नाही. तळाच्या चिखलात साठलेला फॉस्फरस, खालच्या पाण्यातला प्राणवायू संपला की, दर वर्षी पुन्हा वर सुटतो. पर्चवर जाळ्यांचा ताण ठेवणं कोळ्यांच्या फायद्याचं आहे, ते आपोआप होतं. सेचीचा आकडा वाढवणं मात्र कुणाच्याच जाळ्यात पैसे टाकत नाही.